दहा मात्रांची जागा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी साडेतीनच्या सुमारास इंद्रायणीच्या तंबोऱ्याचा भोपळा तडकला. ती तेव्हा त्याच्याजवळ नव्हती. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून माठातलं पाणी पेल्यात ओतत होती, आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला. कोरडा, तुटक, एकदाच. सुकी काटकी गुडघ्यावर मोडावी तसा. तिला वाटलं, नवऱ्याचा, वेणीमाधवांचा, चष्मा पडला. पण ते कूलरसमोर पुस्तक पोटावर पालथं टाकून झोपले होते आणि चष्मा नाकावरच होता. कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची गवसणी तिनं उतरवली तेव्हा भोपळ्यावर, तबलीच्या, म्हणजे वरच्या लाकडी झाकणाच्या, सांध्यापासून खाली, बोटभर लांबीची चीर दिसली. केसासारखी बारीक. तिनं तारा छेडल्या. तारा सुरात होत्या, पण ओळखीचं माणूस सर्दी झाल्यावर बोलतं तसं काहीतरी झालं होतं. चौतीस वर्षांची संगत होती, हळहळ वाटायला हवी होती. तिला आधी वाटलं ते कुतूहल. नेमकं काय गेलं? मधल्या, जोडाच्या तारांतून काही गेलं नव्हतं. सगळ्यात खालच्या, खर्जाच्या तारेतून गेलं होतं. खर्जाचा आवाज उठत होता, पण खोलीत टिकत नव्हता. ती फरशीवर बसून किती वेळ तेवढी एकच तार छेडत राहिली. त्यानं वेणीमाधव जागे झाले. आयुष्यभर भूगोल शिकवलेला माणूस. निवृत्तीनंतर त्यांनी गॅलरीत तापमापक टांगला होता आणि उठल्याबरोबर ते आधी तिकडे जात. "त्रेचाळीस पूर्णांक आठ," ते गॅलरीतून म्हणाले, आणि मग वळून तिच्या हातातल्या भोपळ्यावरची चीर वाकून पाहू लागले.

त्या दिवशी टेबलावर जी कविता पडली होती ती महिनाभर तिथंच होती. सोलापूरच्या ज्या महिला महाविद्यालयात इंद्रायणी एकतीस वर्षं संगीत शिकवत होती, तिथं पाच जूनला हवामानबदलावर कार्यक्रम ठरला होता. प्राचार्यांनी कवितेचा छापील कागद तिच्या हातात ठेवला होता आणि वृंदगान बसवायला सांगितलं होतं. अकरा जणी गाणार होत्या, काही माजी विद्यार्थिनी, काही कॉलेजातल्याच. कवितेत धरणीमाता हाक देत होती, झाडे अश्रू ढाळत होती आणि शेवटी सगळ्यांनी मिळून शपथ घ्यायची होती. इंद्रायणीनं ती भीमपलासात बसवून पाहिली. चाल गोड झाली. इतकी गोड, की ती गाताना कोणाला काही झालंय असं वाटेना. लहानपणी बार्शीला गुरुजी दुपारी शिकवत, दाराला ओलं पोतं टांगलेलं असे, त्याच्या वासात आणि अंधारात ती परकर-पोलक्यातली मुलगी पलटे घोटत असे. गुरुजी म्हणायचे, शब्द खोटा असला की सूर आपोआप थोडा चढतो, गाणाऱ्याला कळत नाही, ऐकणाऱ्याला कळतं. या कवितेच्या पहिल्याच ओळीला तिचा सूर चढत होता. मग एक आठवडा तिनं वेगळाच उद्योग केला. वेणीमाधव ओरडून सांगत ते आकडे ती स्वरांत बसवू लागली, चाळीसला षड्ज, एकेचाळीसला ऋषभ, असं. त्या आठवड्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसमध्येच घुटमळत होता, त्यामुळे सगळी चाल मध्यम-पंचमावर अडकून बसली. ते ऐकून दोघं हसली. हसू ओसरल्यावर मात्र तिला वाटलं, एवढ्याशा जागेत अडकणं हेच तर बाहेर चाललंय. पण ते माणसाचं गाणं नव्हतं, पाऱ्याचं होतं, म्हणून तिनं ते सोडून दिलं.

भोपळ्यासाठी तिनं मिरजेच्या कारागिराला फोन लावला. त्यांनी चीर बुजवून द्यायचं कबूल केलं, पण आवाज पहिला येणार नाही असंही सांगितलं. नवा भोपळा बसवायचा तर तेवढ्या घेराचा यंदा मिळत नव्हता. मागच्या पावसाळ्यात वेल वाहून गेले होते, त्याच्या आदल्या वर्षी अवेळी पाऊस होऊन फळ नासलं होतं. कुठले वेल, असं तिनं सहज विचारलं, आणि पलीकडून उत्तर आलं, की बाई, तुमच्याच तर जिल्ह्यातले. भीमेच्या काठचे. इतकी वर्षं ज्याला टेकून ती गात आली ते फळ दीड तासाच्या वाटेवर कोणाच्या तरी शेतात धरत होतं आणि आपल्याला हे विचारावंसंही वाटलं नव्हतं, याची तिला लाज वाटली. लाजेपेक्षा जास्त, बघून यावंसं वाटलं. कारागिरांनी एक नाव आणि नंबर दिला होता. सारजाबाई.

सकाळच्या एसटीनं ती निघाली. फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालली तेव्हा साडेनऊच वाजले होते, तरी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. सारजाबाई पासष्टीच्या पुढच्या, काटक, नाकात मोरणी, डोळे बारीक करून बघायची सवय. त्यांनी आधी पाणी दिलं, मग चहा, मग पडवीत नेलं. या दिवसांत पडवी भोपळ्यांनी भरलेली असते, पाय ठेवायला जागा नसते, असं त्या सांगत होत्या आणि समोर चारच भोपळे होते, उंचवट्यावरच्या वेलाचे, लहान. त्यांनी एकावर बोटाचं पेर मारलं, मग दुसऱ्यावर. पहिल्याचा आवाज भरीव आला, दुसऱ्याचा आत कुठंतरी जाऊन परत आला. इंद्रायणीनं नकळत दुसऱ्याचा स्वर गुणगुणला. सारजाबाईंनी तिच्याकडं निरखून पाहिलं आणि तिसऱ्यावर पेर मारलं, तिनं तोही गुणगुणला. मग चौथा. दोघी हा खेळ खेळत राहिल्या. मग सारजाबाई सांगू लागल्या, फळ धरलं की खाली पाचट घालायचं, म्हणजे घेर गोल येतो. वेल वाळेपर्यंत हात लावायचा नाही. तोडल्यावर उन्हात महिने न् महिने ठेवायचं, पण ऊन एकदम फार झालं तर फळ तडकतं. हल्ली ऊन एकदम येतं, असं त्या म्हणाल्या. पाऊस पण एकदम येतो. पूर्वी दोघं सांगून यायचे.

मग गेल्या सप्टेंबरचं निघालं. वर पाऊस, इथं पाऊस, आणि नदीनं पात्र सोडलं. पहाटे पाणी गावात आलं तशी माणसं जिन्यांनी, शिड्यांनी छपरांवर चढली. इंद्रायणीनं ही बातमी तेव्हा वाचली होती, पुढच्या पानावर वळलीही होती. आता ती पडवीच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होती आणि समोरच्या भिंतीवर माणसाच्या छातीइतक्या उंचीवर पाण्याची मातकट रेघ होती.

"फोन समदे बंद," सारजाबाई म्हणाल्या. "पावसानं शेजारचं छत बी दिसंना. मग मी म्हनलं, बगू तरी कोन कोन हाय. वरच्या घरापास्नं सुरू केलं. म्या नाव घ्यायचं, त्यानं हाय म्हनायचं. थोड्या येळानं परत पयल्यापास्नं."

किती घरं, असं इंद्रायणीनं विचारलं. अकरा. ती मनाशी दचकली, कारण तिच्याही बायका अकराच होत्या, पण ती काही बोलली नाही. नावं कशी घेतली ते तिला ऐकायचं होतं. सारजाबाई जरा संकोचल्या, मग पडवीच्या कडेला जाऊन त्यांनी नदीच्या दिशेनं तोंड करून एक नाव घेतलं. शेवटचं अक्षर लांबवत नेलं, आणि नेता नेता सोडून दिलं. आणि कोणी नव्हतं तरी तेवढाच वेळ थांबल्या, उत्तराइतका.

"तिसऱ्या खेपंला केराबाईचं हाय आलं न्हाय," त्या तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या. "माजी जाऊ. म्या परत मारली हाक. परत मारली. मग फुडच्या घराला मारली. काय करू? बाकीची वाट बगत हुती की."

परतीच्या एसटीत खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता आणि इंद्रायणीच्या कानात ते एक अक्षर चाललं होतं. हाय. एकतीस वर्षं तिनं वर्गात मुलींचं ते अक्षर दुरुस्त केलं होतं. हाय नाही गं, आहे म्हण. गाण्यात तर फारच, कारण 'हा'वर श्वास सांडतो. आता तिला वाटत होतं, श्वास सांडतो म्हणूनच ते छपरावरून छपरावर जात असेल. 'आहे' पाण्यावरून गेलं नसतं. तिच्या ओठांवर ते येत होतं आणि शेजारी बसलेली बाई मधूनच तिच्याकडे पाहत होती. आणि तेच अक्षर आपल्या शहरी तोंडात दुःखाचा उच्चार होतं, हे तिला होटगी रोडला रिक्षातून उतरताना सुचलं, आणि जिना चढताना तिनं ठरवलं, की हे कोणाला समजावून सांगायचं नाही.

गाणं बारा दिवसांत झालं. त्यात कविता नव्हती. अकरा नावं होती आणि हाय होतं. अकरा जणी सभागृहात अकरा ठिकाणी उभ्या राहणार, आणखी एकीनं मंचावरून सगळ्यांना हाक द्यायची, उत्तरं वेगवेगळ्या अंतरांवरून यायची. पहिली फेरी भरभर, दुसरी सावकाश, तिसरी त्याहून सावकाश, आणि तिसऱ्या फेरीत सातव्या, केराबाईच्या, नावानंतर दहा मात्रा काहीच नाही. पुन्हा तेच नाव. पुन्हा दहा मात्रा. मग पुढचं नाव. हाक देण्यासाठी तिनं रेश्माला निवडलं, कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारी, मोकळ्या आवाजाची. तालमीत पहिल्यांदा ती जागा आली तेव्हा वरच्या पंख्याचा कुरकुर आवाज सगळ्यांनी ऐकला, आणि एकीनं पदरानं डोळे टिपले. आपल्या हातून काहीतरी खरं झालं असं इंद्रायणीला वाटलं, आणि घरी जाताना त्या वाटण्याचीच किंचित भीती वाटली, कारण त्यात आनंद होता. कोणाच्या तरी न आलेल्या उत्तराच्या आपण मात्रा मोजल्या होत्या. आठ ठेवून पाहिल्या, कमी वाटल्या. बारा फार झाल्या. दहा बरोबर बसल्या. ही बरोबर बसण्याची गोष्ट होती का?

सारजाबाईंना तिनं फोन करून विचारलं होतं, नावं वापरू का. त्या म्हणाल्या होत्या, वापरा की, नावंच हायत. तेवढ्यावर तिनं स्वतःचं समाधान करून घेतलं होतं. रेश्मानं मात्र एकदा तालीम संपल्यावर चटया गोळा करताना विचारलं, "बाई, केराबाईंच्या घरच्यांना माहीत आहे का हे?" इंद्रायणी म्हणाली, सारजाबाई घरच्याच की. रेश्मानं मान हलवली आणि चटई बांधली. केराबाईला एक मुलगा आहे, इथंच सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात आहे, हे इंद्रायणीला सारजाबाईंकडून पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्याचा नंबर मागावा असं तिच्या चारदा मनात आलं. चारही वेळा तिनं आज नळाला पाणी येण्याचा दिवस आहे, भरायचं आहे, असं काहीतरी कारण स्वतःला दिलं. तो नको म्हणाला तर त्या दहा मात्रा जाणार होत्या.

प्राचार्यांनी गाणं ऐकून बराच वेळ पेन फिरवलं. यात संदेश कुठे आहे, असा त्यांचा प्रश्न होता. शेवटी असं ठरलं, की कविताही म्हणायची आणि हेही म्हणायचं. पाच जूनला सकाळी अकराला सभागृह भरलं. आधी भीमपलासातली धरणीमाता झाली, तिला भरपूर टाळ्या पडल्या. मग अकरा जणी आपापल्या जागी गेल्या. पहिल्या फेरीत लोक माना वळवून वळवून कोण कुठून उत्तर देतंय ते पाहत होते, मुली हसत होत्या. दुसऱ्या फेरीत हसू थांबलं. तिसऱ्या फेरीत सातव्या नावानंतरची शांतता आली आणि चौथ्या मात्रेला पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्यांना वाटलं, संपलं. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. दोन-चार जणांनी साथ दिली. रेश्मा डगमगली नाही, तिनं नाव पुन्हा घेतलं, टाळ्या ओशाळून विझल्या, आणि मग पुढच्या दहा मात्रांत कोणी हललं नाही. कडेला उभ्या इंद्रायणीला त्या क्षणी आपण जिंकलो असं वाटलं, हे तिला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

लोक चहाकडे गेल्यावर एक माणूस खुर्च्यांच्या मधून तिच्याकडे आला. पस्तिशीचा, दंडावर सुताचे तंतू चिकटलेले, रात्रपाळी करून तसाच आलेला. मी दिग्विजय, तो म्हणाला, केराबाईचा मुलगा. चुलतीनं सांगितलं म्हणून आलो. इंद्रायणी क्षमा मागू लागली. विचारायला हवं होतं, असं म्हणाली. त्यानं हातानंच ते बाजूला सारलं. रागावलेला दिसत नव्हता. काहीतरी हिशेब लागत नाही तसा तो मंचाकडं पाहत होता.

"समदं बरोबर हाय, मॅडम," तो म्हणाला. "नावं बी बरोबर. पर तिला गप कशाला ठिवलंसा? ती जल्मात कदी गप बसली न्हाय."

शांततेचा अर्थ, रिकाम्या जागेचं वजन, असं जे काही इंद्रायणी स्वतःशी म्हणत आली होती ते त्याच्यासमोर उच्चारण्यासारखं नव्हतं. मग तिनं जे तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं तेच विचारलं. आवाज कसा होता त्यांचा? दिग्विजय थोडा हसला. पुरुषासारखा, तो म्हणाला. जाड. बांधावरून मारलेली हाक नदीपर्यंत जायची. शाळेत असताना त्याला त्या आवाजाची लाज वाटायची. त्यानं सांगितलं, की त्या दिवशी तो इथं कारखान्यात होता आणि रस्ते बंद होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेच्या मधे आई छपरावरून खाली उतरली होती, दावणीची म्हैस सोडायला. म्हैस सुटली, पोहून वरच्या रानात निघाली. आई राहिली. इंद्रायणीनं विचारलं, ती हाक तुम्हाला काढून दाखवता येईल का. त्यानं तोंड उघडलं, सभागृहाच्या छताकडं पाहिलं आणि मिटलं. इथं नाही येणार, म्हणाला. छताखाली नाही येणार.

दोन रविवारांनंतर ती त्याच्याबरोबर गावाला गेली. ढग होते, पाऊस नव्हता, हवा अंगाला चिकटत होती. केराबाईचं घर दोन खोल्यांचं, बाहेर गोठा, आणि गोठ्यात ती म्हैस, एक शिंग आत वळलेलं. सारजाबाई तिथंच येऊन बसल्या होत्या. दिग्विजय बांधाबांधानं चालत लांब गेला, इतका लांब की त्याचा सदरा तेवढा दिसत होता. पहिल्या वेळी त्याचा आवाज फुटला आणि तो खोकत राहिला. मग हाक आली. चंद्रेऽ, असं म्हशीचं नाव. अगदी खालून, घशाच्या तळातून निघालेली, चढत गेलेली, आणि जिथं कुठलाही गवई ठहराव घेईल तिथं न थांबता झटक्यानं तुटलेली. इंद्रायणी सवयीनं स्वर शोधू लागली. तिनं खर्ज धरून पाहिला, त्यावर गंधार, तो कोमलही नव्हता आणि शुद्धही नव्हता, आणि शेवटच्या तुटण्याला तर स्वरच नव्हता. तेवढ्यात सारजाबाईंनी तिच्या दंडाला धरलं. म्हशीनं रवंथ थांबवलं होतं. मान उचलली होती. हाक बांधावरून आली होती, पण म्हैस बांधाकडं पाहत नव्हती. घराच्या दाराकडं पाहत होती. दार उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. म्हैस पाहतच राहिली. सारजाबाईंनी तोंडाला पदर लावला. दूरवरून दिग्विजयनं ओरडून विचारलं, ऐकू आलं का, आणि इंद्रायणीनं हात उंच करून हलवला.

तो परत आल्यावर इंद्रायणीनं त्याला आधी एकच गोष्ट विचारली, या वेळी स्पष्ट, घाईनं नाही. त्या दहा मात्रांच्या जागी ही हाक घेऊ का? तुमची परवानगी असेल तरच. नसेल तर नावही काढते. दिग्विजय दावणीशी बसून म्हशीच्या कपाळावर बोटं फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, कोण मारणार? त्या बायकांना जमणार नाही. ती म्हणाली, मी शिकते, मग त्यांना शिकवते. त्यानं तिच्याकडं असं पाहिलं जसं तिनं नांगर धरते म्हटल्यावर पाहिलं असतं, पण तो नाही म्हणाला नाही.

ती अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली. चाळीस वर्षांत सुराच्या आधाराशिवाय तिनं कोणासमोर तोंड उघडलं नव्हतं. तिनं हाक मारली. म्हैस रवंथ करत राहिली.

"न्हाय," सारजाबाई म्हणाल्या. "लई गोड हाय तुमचा."

दिग्विजयनं सांगितलं, पोटातनं, मॅडम, आणि शेवटाला सोडून द्यायचं, धरून ठेवायचं नाही. तिनं पुन्हा मारली. या वेळी घसा खरवडला गेला, डोळ्यांत पाणी आलं, शेजारच्या रानातले दोन बगळे उडाले. म्हशीनं शेपटीनं माशी हाकलली. इंद्रायणी थांबली. श्वास छातीत खोल जाऊ दिला. समोर नदीपर्यंतचं रान होतं, गाळानं अजून करडं, आणि त्यापलीकडं पाणी एवढंसं दिसत होतं. स्वर कुठला ते तिनं या खेपेला पाहिलं नाही. खालून उचलला, वर जाऊ दिला, आणि वर गेल्यावर सोडला. तो तुटला, कसाबसा, वेडावाकडा.

"कान हलला," सारजाबाई म्हणाल्या. "परत मारा."